नेम कुणाचा, नियम कुणाचा?

कोलकात्याचं विमानतळ ज्या दमदम भागात आहे, तिथे ब्रिटिश राजवटीत लष्कराचा दारूगोळ्याचा कारखाना होता. १८९५ च्या चित्रालच्या मोहिमेनंतर लष्करी अधिकाऱ्यांची एक तक्रार वाढत गेली. ली-मेटफर्ड रायफलीची नवी गोळी सरहद्दीवरच्या पठाणाच्या अंगातून आरपार जाते, पण त्याला पाडत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मग या कारखान्यातल्या कॅप्टन बर्टी-क्ले यांनी गोळीच्या टोकावरचं धातूचं आवरण काढून आतलं शिसं उघडं ठेवलं. अंगात शिरताच शिसं पसरायचं आणि जखम मोठी, भयंकर व्हायची. जगभर ती गोळी आजही दमदमच्याच नावाने ओळखली जाते.

१८९९ साली हेगला भरलेल्या शांतता परिषदेत अशा पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदी घालण्याचा प्रस्ताव आला. ब्रिटनच्या बाजूने सर जॉन आर्डा या सेनाधिकाऱ्याने विरोध केला. सुसंस्कृत देशाच्या सैनिकाला गोळी लागली की तो मागे सरतो, त्याला उचलून इस्पितळात नेतात. 'रानटी' माणूस मात्र जखमी होऊनही अंगावर चालून येतो, त्याला थांबवायला वेगळी गोळी हवी, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. परिषदेने तो मानला नाही आणि बंदी मंजूर झाली. ब्रिटन आणि अमेरिका विरोधात राहिले. ब्रिटनने ती बंदी स्वीकारली ती १९०७ मध्ये.

शस्त्र घडवताना संस्कृतीचा विचार कसा होत आला, याचा हा लख्ख पुरावा आहे. युरोपातल्या शरीरासाठी एक गोळी आणि हिंदुस्थानच्या सरहद्दीवरच्या शरीरासाठी दुसरी. ज्याच्यावर ती रोखायची, त्याची संस्कृती कशी आहे हे ठरवलं ती बनवणाऱ्याने. पठाणाला कुणी विचारलं नाही.

आज तो प्रश्न नव्या यंत्रांच्या निमित्ताने परत आला आहे. लक्ष्य स्वतः शोधणारी, स्वतः निवडणारी आणि माणसाच्या हुकमाची वाट न पाहता मारा करणारी शस्त्रं बनवायची, तर त्यांत कुणाची नीती भरायची? प्रत्येक समाजाची न्यायाची कल्पना वेगळी, तेव्हा प्रत्येक देशाच्या यंत्राची नीतीही वेगळी असणार, आणि त्यात गैर काय, असा सूर तज्ज्ञांच्या चर्चांतून ऐकू येतो. ऐकायला तो उदार वाटतो. पण या मांडणीत मोठी चूक आहे, कारण तिची नजर शस्त्र बनवणाऱ्याच्या संस्कृतीवर खिळलेली आहे. शस्त्राच्या पुढ्यात जो माणूस उभा असतो, त्याचीही एक संस्कृती असते आणि यंत्राला वाचायची असते ती तीच.

या मांडणीला आधार म्हणून बहुतेक वेळा 'मॉरल मशीन' या प्रयोगाचा दाखला दिला जातो. चालकाविना धावणाऱ्या मोटारीचे ब्रेक निकामी झाले, तर तिने कुणाला वाचवावं आणि कुणाला मरू द्यावं, असे प्रसंग एमआयटीच्या संशोधकांनी इंटरनेटवर ठेवले. २३३ देश-प्रदेशांतून जवळपास ४ कोटी निर्णय जमा झाले आणि २०१८ मध्ये निष्कर्ष 'नेचर'मध्ये छापून आले. पूर्वेकडच्या देशांत म्हाताऱ्यांऐवजी तरुणांना वाचवण्याकडे कल कमी दिसला. लॅटिन अमेरिकेचे देश ज्या गटात होते, तिथे स्त्रियांना वाचवण्याकडे कल जास्त दिसला. प्रयोग मोलाचा आहे. मात्र मोटारीवरून बंदुकीवर उडी मारता येत नाही. मोटार माणसाला चुकवण्यासाठी बनवलेली असते, शस्त्र माणसाला गाठण्यासाठी. मोटारीत बसलेला आणि रस्ता ओलांडणारा बहुधा एकाच गावचे असतात. नियम आवडला नाही तर दोघंही सरकारकडे दाद मागू शकतात. शस्त्राचा नियम एका देशात लिहिला जातो आणि भोगावा लागतो दुसऱ्या देशातल्या माणसाला. त्याचं तिथे मत नसतं आणि नियमाची भाषाही त्याला येत नाही.

देशादेशांच्या विचारांत फरक नाही, असा याचा अर्थ मुळीच नाही. एकच प्रश्न दोन देशांनी कसा सोडवला ते पाहण्यासारखं आहे. अपहरण झालेलं प्रवासी विमान एखाद्या शहरावर आदळायला निघालं, तर हवाई दलाने ते पाडावं का? कंदाहारला नेलेल्या विमानाच्या अपहरणाचा अनुभव आणि अमेरिकेतला ११ सप्टेंबर पाठीशी असलेल्या भारताने ऑगस्ट २००५ मधल्या अपहरणविरोधी धोरणात, विमान क्षेपणास्त्रासारखं वापरलं जातंय असं दिसल्यास ते पाडण्याची मुभा ठेवली. जर्मनीनेही त्याच सुमाराला तसा कायदा केला होता. तिथल्या संविधान न्यायालयाने १५ फेब्रुवारी २००६ रोजी ती तरतूद रद्द केली. आतल्या निरपराध प्रवाशांना इतरांच्या बचावाचं साधन बनवणं म्हणजे त्यांना वस्तू मानणं, आणि राज्यसंस्थेला तो अधिकार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. नाझी राजवटीत माणसांची वस्तू झालेली ज्या देशाने पाहिली, त्याच्या संविधानाचं पहिलंच कलम मानवी प्रतिष्ठेचं आहे. हा निकाल त्या इतिहासातून आला. भारताच्या निर्णयामागे आठ दिवस चाललेल्या एका अपहरणाची जखम होती. दोन्ही निर्णय प्रामाणिक आहेत, आणि दोन्ही देशांच्या अभियंत्यांना एकच हवाई संरक्षण यंत्रणा बांधायला बसवलं, तर ते तिच्यात वेगवेगळे अडसर घालतील हे उघड आहे.

पण पुढे गेल्यावर संस्कृतीचं नाव घेऊन राष्ट्रहित बोलू लागतं आणि दोन्ही वेगळी ओळखणं कठीण होतं. संरक्षण खात्याच्या २०१२ च्या आदेशापासून अमेरिका बळाच्या वापरावर माणसाचा 'योग्य प्रमाणात निर्णय' असावा असं म्हणते. 'नियंत्रण' हा शब्द ती जपून टाळते. चीन पूर्ण स्वायत्त शस्त्रांना विरोध करतो, पण त्यांची व्याख्या इतकी अरुंद करतो की अखेरपर्यंत माणूस अजिबात नसलेलं, एकदा सुरू झाल्यावर बंदच न करता येणारं आणि स्वतः शिकत बदलणारं यंत्रच तिच्यात बसावं. असं शस्त्र कुठलाही शहाणा सेनापती मागवणार नाही, म्हणजे बंदी आली तरी चीनचं काही अडत नाही. जपानने पूर्ण स्वायत्त मारक शस्त्रं बनवण्याचा इरादा नसल्याचं जाहीर केलं आहे. २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत अशा शस्त्रांवर बंदीची मागणी करणारा पहिला देश पाकिस्तान होता, आणि तेव्हा त्याच्या वायव्य भागावर अमेरिकी ड्रोन घिरट्या घालत होते. व्हॅटिकनही बंदीच्या बाजूने आहे. जून २०२४ मध्ये इटलीतल्या जी-७ परिषदेत पोप फ्रान्सिस यांनी, माणसाचा जीव घेण्याचा निर्णय कुठल्याही यंत्राने कधीच घेऊ नये, असं जगातल्या बलाढ्य नेत्यांसमोर सांगितलं.

रशियाची गोष्ट जास्त बोलकी आहे. १८९९ च्या त्याच हेग परिषदेत फ्योदोर मार्टेन्स या रशियाच्या कायदेपंडिताने एक कलम सुचवलं होतं. लेखी कायद्यात एखादी गोष्ट नसली तरी माणुसकीची तत्त्वं आणि लोकांचा सद्सद्विवेक युद्धातही लागू राहतो, असा त्याचा गाभा. स्वायत्त शस्त्रांवर बंदी मागणारे आज मार्टेन्सच्याच कलमाचा आधार घेतात, आणि बंदीला सर्वांत ठाम विरोध असलेल्या देशांत रशिया पुढे आहे. एखाद्या देशाच्या परंपरेत चांगलं तत्त्व असलं म्हणजे ते त्याच्या शस्त्रात आपोआप उतरतं, असं मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. इस्रायली लष्कराच्या आचारसंहितेत 'शस्त्राची शुचिता' हे मूल्य लिहिलेलं आहे. तरीही एप्रिल २०२४ मध्ये '+९७२' या नियतकालिकाने लष्करातल्या सूत्रांच्या हवाल्याने छापलं, की गाझातल्या ३७ हजार माणसांवर 'लॅव्हेंडर' या प्रणालीने संशयित म्हणून खूण केली आणि एकेका नावाच्या पडताळणीला कधीकधी २० सेकंदच दिले जात. लष्कराने हे नाकारलं. ही प्रणाली लक्ष्य ठरवत नाही, ती माहितीचा साठा आहे, असं त्याने म्हटलं.

आता शस्त्राच्या पुढ्यात उभ्या असलेल्या माणसाकडे यायला हवं. खरा प्रश्न तिथे आहे.

१ जुलै २००२ च्या रात्री अफगाणिस्तानच्या उरुझगान प्रांतातल्या देह रावूद भागात एका लग्नाचा सोहळा चालू होता. पश्तून लग्नात आनंदाने हवेत गोळ्या झाडतात, जसे इथे फटाके उडवतात. वर उडणाऱ्या अमेरिकी एसी-१३० विमानाला खालून आपल्यावर मारा होतोय असं वाटलं. अफगाण सरकारच्या आकड्यानुसार ४८ माणसं मेली.

त्याच प्रांतात २१ फेब्रुवारी २०१० रोजी पहाटे तीन गाड्या रस्त्याने चालल्या होत्या. अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटात बसलेलं पथक प्रिडेटर ड्रोनच्या कॅमेऱ्यातून त्यांच्यावर नजर ठेवून होतं. एका ठिकाणी गाड्या थांबल्या, माणसं उतरली आणि नमाज पढू लागली. पथकाच्या संभाषणाची नोंद नंतर उघड झाली, तिच्यात ही प्रार्थना संशय वाढवणारी खूण ठरलेली दिसते. अफगाणिस्तानात पहाटे नमाज पढणारा माणूस म्हणजे जवळपास प्रत्येक माणूस. गाड्यांत दुकानदार होते, विद्यार्थी होते, उपचारासाठी निघालेले होते. हजारा समाजाचे लोकही होते, ज्यांना तालिबानने वर्षानुवर्षं छळलं. हेलिकॉप्टरांनी क्षेपणास्त्रं सोडली. अमेरिकी चौकशीनुसार किमान १५ आणि गावकऱ्यांच्या सांगण्यानुसार २३ जण मेले.

१७ मार्च २०११ रोजी पाकिस्तानातल्या उत्तर वझिरिस्तानमध्ये, दत्ता खेल इथे क्रोमाइटच्या खाणीचा वाद मिटवायला जिरगा बसला होता. जिरगा म्हणजे आपल्याकडची गावपंचायत म्हणता येईल, गावातल्या जाणत्यांची बैठक. दाढी राखलेले, डोक्यावर पागोटी घातलेले पुरुष गोल करून बसलेले. ड्रोनने क्षेपणास्त्रं टाकली, सुमारे ४० माणसं ठार झाली. पाकिस्तानच्या लष्करप्रमुखांनी उघड निषेध केला. अमेरिकी अधिकारी मात्र हे दहशतवाद्यांचंच जमणं होतं असं सांगत राहिले. हल्ल्याच्या क्षेत्रातल्या लढाऊ वयाच्या सगळ्या पुरुषांची गणना लढवय्यांतच होत असे, असं पुढे २०१२ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने उजेडात आणलं.

या तिन्ही प्रसंगांत निर्णय माणसांनी घेतला, यंत्राने नाही. तरीही स्वायत्त शस्त्रांबद्दलचा धडा इथेच आहे. शस्त्रातली प्रणाली शिकते ती नोंदींवरून. लढवय्या कसा दिसतो, कसा चालतो, कुठे थांबतो, कितीजण एकत्र बसतात, याचे नमुने तिला दाखवले जातात. ते ज्यांच्या नोंदींतून निवडले जातात, त्यांनीच नमाज ही संशयाची खूण मानली आणि जिरग्याला कट मानलं. तीच समजूत आकड्यांत उतरते आणि यंत्रात बसते. फरक इतकाच की माणसाच्या डोक्यातली समजूत एखाद्या पहाटे डळमळू शकते. शेजारी बसलेला कुणी म्हणू शकतो, अहो, त्या गाडीत पोरं दिसतायत. उरुझगानच्या संभाषणात मुलांचा उल्लेख खरोखरच आला होता. तो बाजूला सारला गेला, ही त्या पहाटेची शोकांतिका आहे; पण तो शब्द उच्चारला गेला होता, नोंदला गेला होता, आणि म्हणूनच नंतर काहीजणांना जबाब द्यावा लागला. यंत्राच्या शेजारी असं म्हणणारं कुणी बसलेलं नसतं.

हा प्रश्न परदेशापुरता आहे असं समजून सुटका करून घेता येणार नाही. ४ डिसेंबर २०२१ रोजी नागालँडच्या मोन जिल्ह्यात, ओटिंगजवळ, कोळशाच्या खाणीतून घरी परतणाऱ्या मजुरांची गाडी लष्कराच्या विशेष पथकाने बंडखोरांची समजून टिपली. आठांपैकी सहा जण जागीच गेले. नंतरच्या उद्रेकात मृतांचा आकडा १४ नागरिकांवर पोचला. जवान भारतीय, मजूर भारतीय, राज्यघटना एक. तरी ओळख चुकली. दिल्लीत, बंगळुरात किंवा पुण्यात बसून लिहिलेल्या प्रणालीला कोन्याक मजूर आणि बंडखोर यांतला फरक कुणी शिकवायचा? एका देशाच्या आतही शस्त्र लिहिणारा आणि शस्त्रासमोर येणारा यांच्यात एवढं अंतर असतं.

दुसरी बाजू हलकी नाही आणि तिचा सन्मान करायला हवा. अमेरिकेतले यंत्रमानवशास्त्रज्ञ रोनाल्ड आर्किन गेली अनेक वर्षं मांडत आले आहेत, की यंत्राला भीती नसते, सूड नसतो, झोप अपुरी नसते. युद्धाचे कायदे त्याच्यात नीट बसवले तर ते सैनिकापेक्षा जास्त माणुसकीने वागेल. त्यांनी वापरलेलं एक उदाहरण विचारात पाडणारं आहे. २००६ मध्ये अमेरिकी ड्रोनला सुमारे १९० तालिबानी रांगांमध्ये उभे दिसले. हल्ला झाला नाही, कारण ते दफनभूमीत होते आणि तिथे मारा न करण्याचा नियम होता. असा नियम यंत्रात घट्ट बसवता येतो आणि यंत्र तो रागाच्या भरात मोडणार नाही. आर्किन यांच्या बाजूने आणखीही पुरावे आहेत. ३ जुलै १९८८ रोजी अमेरिकेच्या 'विन्सेन्स' युद्धनौकेने इराणचं प्रवासी विमान पाडलं, २९० जण मेले. नौकेवरची एजिस यंत्रणा विमान वर चढतंय असं बरोबर दाखवत होती, ते खाली झेपावतंय असं समजले ते ताणाखाली असलेले खलाशी. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी बडगाममध्ये भारतीय हवाई दलाने स्वतःचंच एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडलं. हवाई दलाचे सहा जण आणि एक नागरिक गेला. माणूस चुकतो, आणि त्याच्या चुकीत जीव जातात.

पण दफनभूमीचं उदाहरण नीट पाहिलं की आर्किन यांचा युक्तिवाद कुठे थांबतो ते कळतं. दफनभूमी नकाशावर दाखवता येते. इस्पितळ, शाळा, मंदिर, धरण हेही दाखवता येतं. त्याच न्यायाने काही लक्ष्यंही यंत्राला निःसंशय कळतात. इस्रायली बनावटीचं 'हार्पी' शत्रूच्या रडारच्या लहरी हेरून त्यावर झेपावतं आणि भारताकडेही ते आहे. युद्धनौकांवरची 'फॅलँक्स' तोफ अंगावर येणारं क्षेपणास्त्र माणसाच्या पापणीआधी ओळखते. रडारच्या लहरींना धर्म नसतो, क्षेपणास्त्र लग्नाला जात नाही. वस्तूच्या खुणा हेगमध्ये आणि हेरातमध्ये सारख्याच असतात. माणसाच्या खुणा मात्र दर दहा कोसांवर बदलतात. खांद्यावरची बंदूक इथे शत्रुत्व सांगते, तिथे पुरुषाचा पेहराव असते. हात वर करणं, जमिनीला डोकं टेकणं, पळून जाणं, आडोशाला लपणं, यांपैकी काहीही शरणागती असेल किंवा हल्ल्याची तयारी. शरण आलेल्याला मारायचं नाही हा नियम बहुतेक संस्कृतींत आहे. शरण कसं येतात, हे ज्याच्या त्याच्या भूमीत ठरतं.

म्हणूनच रेषा इथे ओढायला हवी: वस्तूंविरुद्ध यंत्राला मर्यादित मोकळीक देता येईल, पण माणूस हे लक्ष्य यंत्राने निवडायचं नाही. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने मे २०२१ मध्ये जवळपास हीच शिफारस केली. तिच्यामागे मानवी प्रतिष्ठेचं तत्त्व आहेच, पण एक व्यवहाराचं सत्यही आहे. ज्या संस्कृतीतला माणूस समोर आहे ती वाचता येत नसेल, तर थांबून विचारावं लागतं. विचारणं यंत्राला येत नाही.

संस्कृतीकडून काही घ्यायचंच असेल तर भारतीयांच्या घरात महाभारत आहे. प्राचीन काळी आपल्याकडे क्षेपणास्त्रं होती, हा दावा इथे करायचा नाही. तशा दाव्यांनी त्या ग्रंथातला विचार झाकला जातो. द्रोणवधानंतर अश्वत्थामा नारायणास्त्र सोडतो. हे अस्त्र स्वतः लक्ष्य निवडतं: जो लढतो त्याला गाठतं, जो शस्त्र ठेवून रथातून उतरतो त्याला सोडतं. कृष्ण सगळ्यांना शस्त्रं टाकायला सांगतो, भीम ऐकत नाही, आणि त्याला रथातून खाली ओढावं लागतं तेव्हा कुठे अस्त्र शमतं. म्हणजे त्याचा नियम माणसांनी माणसांना समजावून सांगावा लागला. कृष्ण शेजारी नसता, तर आगीने भीमाचा अर्थ लावला असता आणि तिथेच त्याचं संपलं असतं.

सौप्तिक पर्वातला प्रसंग याहून खोल आहे. झोपलेल्यांची कत्तल करून अश्वत्थामा ब्रह्मशिर सोडतो, अर्जुनही सोडतो. व्यास आणि नारद मध्ये उभे राहतात आणि अस्त्रं मागे घ्यायला सांगतात. अर्जुन घेतो. अश्वत्थाम्याला सोडायचं माहीत आहे, परतवायचं माहीत नाही; मग तो ते पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर वळवतो. महाभारतकारांनी दोघांच्या हातात सारखंच अस्त्र दिलं आहे आणि फरक ठेवला आहे तो उपसंहाराच्या विद्येत, म्हणजे सोडलेलं परत घेण्याच्या शक्तीत. अस्त्र चालवण्याची पात्रता तिच्यावर ठरते. स्वायत्त शस्त्रांवर जिनिव्हात चालणाऱ्या चर्चांत भारत ज्या शब्दांत बोलतो, त्यांपेक्षा हा विचार जास्त स्पष्ट आहे आणि कुठल्याही संस्कृतीतल्या माणसाला पटण्यासारखा आहे.

परत घेता न येणारं अस्त्र म्हणजे काय, हे भारताने अलीकडेच अनुभवलं. ९ मार्च २०२२ रोजी एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियां चन्नूजवळ जाऊन पडलं. जीवितहानी झाली नाही. पाकिस्तानने उलट मारा केला नाही, म्हणजे तिथल्या माणसांनी थांबून विचार केला. त्या काही मिनिटांत उत्तर देण्याचं काम एखाद्या यंत्राकडे असतं तर काय झालं असतं, ही कल्पनाही करवत नाही. १९८३ च्या २६ सप्टेंबरला सोव्हिएत संघाच्या इशारा यंत्रणेने अमेरिकेची क्षेपणास्त्रं येताना दाखवली, तेव्हा स्तानिस्लाव पेत्रोव्ह या अधिकाऱ्याने यंत्रावर विश्वास न ठेवता तो इशारा खोटा ठरवला होता. जग त्या रात्री वाचलं ते एका माणसाच्या शंकेमुळे. ब्राह्मोस प्रकरणी चौकशी झाली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं गेलं. चूक झाली, माणसं सापडली, शिक्षा झाली. ओटिंगच्या प्रकरणात मात्र केंद्राने खटल्याला मंजुरी दिली नाही आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३० जवानांवरची फौजदारी कारवाई बंद केली. नावं माहीत असलेल्या माणसांनाही जाब विचारणं जिथे इतकं अवघड, तिथे निर्णय प्रणालीने घेतला म्हटल्यावर मेलेल्याच्या आईने कुणाच्या दारात उभं राहायचं?

महाराष्ट्रासाठी हा विषय लांबचा राहिलेला नाही. नागपूरच्या सोलर इंडस्ट्रीज समूहातल्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्हज या कंपनीने 'नागास्त्र-१' हे घिरट्या घालून झेपावणारं अस्त्र बनवलं आहे. लष्कराने ४८० नगांची मागणी नोंदवली आणि जून २०२४ मध्ये पहिले १२० हाती आले. सुमारे ९ किलोचं, पाठीवर नेता येणारं हे अस्त्र लक्ष्य सापडलं नाही किंवा मोहीम रद्द झाली तर परत बोलावता येतं आणि हवाई छत्रीने उतरवता येतं. उपसंहाराची विद्या त्यात आहे, ही अभिमानाची गोष्ट आहे. त्याचा पल्ला मात्र दोन आकड्यांत सांगितला जातो: माणसाच्या नियंत्रणाखाली १५ किलोमीटर, स्वायत्त पद्धतीने ३०. ही स्वायत्तता सध्या ठरवून दिलेल्या ठिकाणी उडत जाण्यापुरती आहे. लक्ष्य निवडण्याची नाही. पण तंत्रज्ञानाची वाट त्या दिशेने जाते आणि संदेशवहन जाम करणारा शत्रू तिला घाई करतो. मे २०२५ च्या भारत-पाक संघर्षात दोन्ही बाजूंनी ड्रोन मोठ्या प्रमाणावर वापरले, तेव्हा ही घाई सगळ्यांनी पाहिली.

भारत याबाबत जगासमोर काय म्हणतो? २२ डिसेंबर २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत स्वायत्त शस्त्रांवरचा पहिला ठराव १५२ विरुद्ध ४ मतांनी मंजूर झाला. विरोधातले चार देश होते बेलारूस, माली, रशिया आणि भारत. जिनिव्हात वेगळी प्रक्रिया चालू असताना समांतर चर्चा नको, असं भारताचं म्हणणं होतं. जिनिव्हातल्या सरकारी तज्ज्ञगटाचं पहिलं अध्यक्षपद भारताच्याच अमनदीपसिंग गिल यांनी सांभाळलं होतं, त्यामुळे त्या व्यासपीठाबद्दल आपुलकी समजू शकते. पुढारलेल्या देशांनी आधी शस्त्रं बनवायची आणि मग इतरांवर बंदी लादायची, ही भारताची जुनी शंकाही अण्वस्त्रांच्या अनुभवातून आली आहे आणि ती रास्त आहे. पण दमदमच्या गोळीची आठवण याहून जुनी आहे. त्या वेळी हिंदुस्थानचे लोक शस्त्राच्या पुढ्यात होते आणि त्यांच्या वतीने बोलणारं हेगमध्ये कुणी नव्हतं. आज भारत शस्त्र बनवणाऱ्यांच्या बाजूला बसला आहे. दोन्ही बाजूंचा अनुभव असलेले देश जगात थोडे आहेत, आणि अशा देशाने विरोधातल्या चार नावांत असावं, हे चूक होतं.

एक पाऊल घरात पडलं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी लष्करी कृत्रिम बुद्धिमत्तेची विश्वासार्हता तपासण्याची 'इटाई' ही चौकट जाहीर केली. तिच्यात विश्वासार्हता, सुरक्षितता, पारदर्शकता, न्याय्यता यांचे निकष आहेत. आता तिच्यात आणखी दोन गोष्टी लिहिल्या जायला हव्यात: माणूस हे लक्ष्य माणसानेच निवडायचं, आणि सोडलेलं प्रत्येक स्वायत्त अस्त्र शेवटच्या क्षणापर्यंत परत घेता आलं पाहिजे. हे दोन नियम भारताने जगापुढे मांडले तर त्यांना जर्मन न्यायालयाचा निकाल, बंद न करता येणारं यंत्र नाकारणारी चीनची व्याख्या, रेडक्रॉसची शिफारस आणि सौप्तिक पर्व या चारही दिशांनी आधार आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी २०२६ पर्यंत बंधनकारक करार व्हावा असं आवाहन केलं आहे. त्याआधी महाराष्ट्राच्या ४८ खासदारांपैकी एकाने तरी लोकसभेत संरक्षण मंत्र्यांना विचारावं, की नागपुरात बनणाऱ्या पुढच्या अस्त्रात पंधराव्या किलोमीटरनंतर निर्णय कुणाचा असेल. ज्या वाचकांना हा प्रश्न आपला वाटतो, त्यांनी तो आपल्या मतदारसंघाच्या खासदाराला पत्राने कळवावा.